तळपायांची आग : कारण सापडत नाही तेव्हा काय करावे?

“रात्री तळपाय पेटल्यासारखे होतात, पायावर चादर सहन होत नाही.” “पायाला सारख्या मुंग्या येतात.” “कापसावर चालल्यावानी वाटते. चप्पल पायातून कधी निसटली तेही कळत नाही.” जिल्ह्यात घाटावर काय किंवा घाटाखाली काय, पन्नाशी ओलांडलेली चार माणसे एकत्र बसली की अशा तक्रारी हमखास ऐकू येतात. बहुतेक जण त्याला ‘अंगातली उष्णता’ म्हणतात. कोणी सब्जा भिजवून खातो, कोणी तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासून घेतो. काहींना त्याने घटकाभर बरेही वाटते. परंतु महिनोन्‌महिने ही आग थांबत नसेल आणि दोन्ही पायांत सारखीच असेल, तर बहुधा तो उष्णतेचा नव्हे, चेतातंतूंचा विकार असतो. डॉक्टरी भाषेत त्याला ‘पेरिफेरल न्यूरोपॅथी’ म्हणतात.

या विकारात रुग्णाला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट वेगळीच असते. रक्त तपासून होते, हजारो रुपये खर्च होतात आणि डॉक्टर सांगतात, “कारण सापडत नाही.” मग घरचे म्हणतात, “काही नाही, मनाचे खेळ आहेत.” शेजारी एक बाटली सुचवतो, मेहुणा दुसरी. दाह कमी करणाऱ्या, नसांना ताकद देणाऱ्या गोळ्यांची रांग लागते. अशा वेळी काय करावे, काय टाळावे, याचा विचार आजच्या लेखात करू.

आधी पायांपासूनच का?

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यापासून शरीराच्या टोकापर्यंत संदेश नेणाऱ्या-आणणाऱ्या तारा म्हणजे चेतातंतू. पायाच्या बोटांपर्यंत जाणारा तंतू कमरेजवळ सुरू होतो; त्याची लांबी सुमारे एक मीटर भरते. त्याला लागणारे पोषण मुळाशी असलेल्या पेशीकडून येते. कालव्याचे पाणी कमी पडले की पहिला फटका शेवटच्या टोकाच्या शेताला बसतो. तसेच येथे घडते. कारण कोणतेही असो, सर्वांत लांब तंतूंची टोके आधी सुकतात. म्हणून सुरुवात बोटांपासून होते, हळूहळू बधिरपणा मोज्यासारखा वर चढतो आणि तो गुडघ्याजवळ आला की हाताच्या बोटांनाही मुंग्या येऊ लागतात.

तंतूंचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. जाड तंतू कंपन आणि पायाची स्थिती कळवतात. ते बिघडले की अंधारात तोल जातो, तोंड धुताना डोळे मिटले की पाय लटपटतात. बारीक तंतू वेदना आणि थंड-गरम कळवतात. ते बिघडले की आग, टोचणी आणि विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते. नसांची विद्युत तपासणी (एन.सी.व्ही.) फक्त जाड तंतूंची असते. त्यामुळे केवळ बारीक तंतू बिघडलेल्या रुग्णाचा अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो. अहवाल नॉर्मल आला म्हणजे दुखणे खोटे, असा अर्थ घरच्यांनी काढू नये.

प्रत्येक मुंगी न्यूरोपॅथीची नसते

एकाच पायात कमरेपासून कळ उतरत असेल तर मणक्याचा दोष असू शकतो. रात्री हाताच्या अंगठ्यासह तीन बोटांना मुंग्या येऊन झोपमोड होत असेल तर मनगटात नस दाबली गेलेली असू शकते. चालताना पोटरी दुखते आणि थांबले की राहते, तर तंबाखू-बिडी ओढणाऱ्याच्या रक्तवाहिन्या तपासल्या पाहिजेत. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असून तेथे टोचलेले कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. ज्या विदर्भात आनंदवन आणि अमरावतीचे तपोवन उभे राहिले, तेथे हा आजार अजून इतिहासजमा झालेला नाही. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि वेळीच घेतले तर हातापायांचे व्यंग टळते. लाजेपोटी चट्टा लपवणे म्हणजे नसा गमावणे होय.

‘कारण नाही’ म्हणण्यापूर्वी

पूर्ण तपासण्या करूनही सुमारे चौथाई ते एक तृतीयांश रुग्णांत कारण हाती लागत नाही, ही गोष्ट खरी आहे. परंतु ‘तपासले पण सापडले नाही’ आणि ‘तपासलेच नाही’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९८१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. निदान न झालेले २०५ रुग्ण तेथे पाठवण्यात आले होते. कसून तपासणी केल्यावर त्यांतील ७६ टक्के रुग्णांचे निदान झाले. ४२ टक्के लोकांचा आजार आनुवंशिक निघाला. यासाठी डॉक्टरांनी नातेवाइकांचे पाय तपासले, हे विशेष! तुमच्या वडिलांचे, आत्याचे किंवा भावाचे पाय बारीक, तळवे खूप कमानदार, बोटे वाकलेली असतील, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा. या माहितीला पैसा पडत नाही.

नेहमी आढळणारी कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

मधुमेह हे पहिले कारण. केवळ उपाशीपोटी साखर पाहून थांबू नये. जेवणानंतरची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणीही करावी. दारू हे दुसरे कारण. रोजची ‘थोडीशी’ किती वर्षांची आहे, हे डॉक्टरांपासून लपवू नये. थायरॉइड, मूत्रपिंडाचा विकार, एच.आय.व्ही. यांचीही तपासणी लागते. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागांत मूत्रपिंडाचे रुग्ण बरेच आहेत. तेथील माणसाने पायांच्या आगीबरोबर क्रिएटिनिन तपासून घेणे हितावह ठरेल.

औषधांचाही हात असतो. क्षयरोगावरील आयसोनियाझिड, दीर्घकाळ घेतलेले मेट्रोनिडाझोल आणि कर्करोगावरील काही औषधे नसांना इजा करतात. कपाशी-सोयाबीनवर फवारणी करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकांची तीव्र विषबाधा बरी झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी पाय लुळे पडू लागतात. म्हणून पूर्वी झालेली विषबाधा डॉक्टरांना आठवणीने सांगावी.

शाकाहारी घरातील हमखास चूक

आपल्याकडे सर्वांत सहज सुटणारे आणि सर्वांत सहज बरे होणारे कारण म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. म्हणजे खाऊन-पिऊन सुखी घरातही ही उणीव असते. माळकरी घरात चहापुरते दूध येत असेल तर ती अधिकच संभवते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी वर्षानुवर्षे ओमेप्राझोल-पँटोप्राझोल घेणाऱ्यांतही बी-१२ घटते.

येथे दोन चुका फार घडतात. पहिली म्हणजे आधी ‘ताकदीची’ इंजेक्शने घ्यायची आणि मग रक्त तपासायचे. इंजेक्शनानंतर रक्तातील आकडा फुगलेला दिसतो आणि खरे कारण कायमचे झाकले जाते. म्हणून आधी तपासणी, नंतर औषध. दुसरी चूक म्हणजे रक्त कमी आहे म्हणून केवळ फॉलिक अॅसिड घेत राहणे. बी-१२ कमी असताना नुसत्या फॉलिक अॅसिडने रक्त सुधारते, पण नसांचे नुकसान चालूच राहते.

अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २००९ साली अशा रुग्णांसाठी तीन रक्ततपासण्या विशेष उपयोगी ठरवल्या : रक्तशर्करा, बी-१२ (गरजेप्रमाणे त्याच्याशी निगडित मेथिलमॅलोनिक अॅसिड) आणि रक्तातील असाधारण प्रथिनांची तपासणी. तिसरी तपासणी आपल्याकडे बऱ्याचदा राहून जाते. अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरला मोठ्या रुग्णालयात जाणार असाल, तर ती झाली आहे का, एवढे अवश्य विचारावे.

दाह वेगळा, जळजळ वेगळी

आता गोळ्यांकडे वळू. ‘दाहशामक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांमागे एक शब्दांचा घोटाळा आहे. आपण पाय जळतात त्याला दाह म्हणतो. वैद्यकशास्त्रात मात्र दाह म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीने केलेला हल्ला. त्यात सूज येते, पेशी जमतात. पाय जळणे ही बहुधा बिघडलेल्या तंतूची खोटी घंटा असते. आग नसतानाही घंटा वाजते. घंटा वाजते म्हणून पाणी ओतत राहण्याने घंटेचा दोष दुरुस्त होत नाही.

खऱ्या दाहाच्या न्यूरोपॅथीही आहेत. त्यांत शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते. परंतु त्यांना स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तद्रव बदलणे असे जोरदार उपचार लागतात. हळदीची कॅप्सूल तेथे पुरी पडत नाही. उलट ती घेत बसल्याने मोलाचे महिने वाया जातात. कारण न सापडलेल्या, सावकाश वाढणाऱ्या न्यूरोपॅथीत मुळाशी दाह आहे, असे सिद्ध झालेले नाही. म्हणून ‘दाह कमी केला की नस बरी’ हे गणित जितके सरळ सांगितले जाते तितके सरळ नाही.

औषधाच्या दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांचेही तेच. सांध्याच्या सुजेवर त्या चालतात, नसांच्या आगीवर त्यांचा फारसा उपयोग नाही. खारपाणपट्ट्यातील माणसाने तर त्या रोज घेणे म्हणजे मूत्रपिंडाशी वैर घेणे होय.

बाटलीतील घटकांची ओळख

हळद : आपल्या स्वयंपाकघरातील हळदीचा मान मोठा आहे. जखमेवरील हळदीच्या वापराचे अमेरिकेत दिलेले पेटंट भारताने लढून १९९७ साली रद्द करवले, हे अनेकांना आठवत असेल. परंतु हळकुंडात कुर्क्युमिन असते ते सुमारे तीन टक्के, आणि पोटातून रक्तात जाते ते फारच थोडे. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातील संशोधकांनी १९९८ साली दाखवले की कुर्क्युमिनबरोबर मिऱ्यातील पायपरिन दिले तर माणसात त्याचे शोषण वीसपटीने वाढते. तेव्हापासून कॅप्सूलमध्ये दोन्ही एकत्र येऊ लागले. पण शोषण वाढले की धोकाही वाढतो. अशा कॅप्सूल घेणाऱ्या काही लोकांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत झाल्या आहेत. वरण-भाजीतली हळद निर्धास्त खावी. कॅप्सूल मात्र औषध समजूनच घ्यावी. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा पित्ताशयात खडे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणखी एक सूचना. सुटी, डोळ्यांत भरेल इतकी पिवळीधमक हळद घेऊ नये. रंगासाठी मिसळलेल्या लेड क्रोमेटमधील शिसे स्वतःच नसांचे विष आहे. वसमत-हिंगोली किंवा सांगलीची हळकुंडे आणून घरी दळणे उत्तम.

अल्फा लिपोइक अॅसिड : नसांसाठी म्हणून लिहून दिल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत हा घटक असतो. त्यावरील बहुतेक अभ्यास मधुमेहाच्या रुग्णांवर झाले आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिडनी-२’ या अभ्यासात पाच आठवड्यांत त्रास कमी झाल्याचे दिसले होते. परंतु उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२४ च्या आढाव्यात सहा महिन्यांनंतर फरक नगण्य असावा, असा निष्कर्ष निघाला. मळमळ हा नेहमीचा दुष्परिणाम. क्वचित रक्तातील साखर एकाएकी उतरते.

जवस आणि माशाचे तेल : जवसाची चटणी आपल्या जेवणात पूर्वीपासून आहे. ती आहार म्हणून उत्तम. परंतु कारण न सापडलेल्या न्यूरोपॅथीत या तेलांनी नस बरी होते, असा भक्कम पुरावा नाही.

बी-६ : या जीवनसत्त्वाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण येथे औषधच आजार होऊ शकते. रोजची गरज साधारण दोन मिलिग्रॅम असते. १९८३ साली अमेरिकेत सात रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. ते रोज दोन ते सहा ग्रॅम बी-६ घेत होते आणि त्यांचे हातपाय बधिर होऊन त्यांना धड चालताही येईना. पुढे याहून बऱ्याच कमी मात्रेतही काहींना त्रास झाल्याचे दिसून आले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली दिवसाची वरची मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. आपल्याकडे एकच रुग्ण ‘नसांची’ एक गोळी, ‘ताकदीची’ दुसरी आणि बी-कॉम्प्लेक्स अशी तिसरी घेतो. तिन्हींत बी-६ असते. सर्व पाकिटे समोर ठेवून त्यांतील ‘पायरिडॉक्सिन’ या नावापुढचे आकडे एकदा बेरीज करून पाहावेत. क्षयरोगाच्या औषधांबरोबर डॉक्टरांनी दिलेले बी-६ मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

शेगावच्या गावांनी दिलेला धडा

‘नैसर्गिक आहे, मग अपाय कसा?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्याने दिले आहे. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस मुठीने गळू लागले आणि पुढे काहींची नखेही सुटू लागली. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तेथील नमुने तपासून घेतले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले आढळले आणि त्याचा उगम खाण्यातील गव्हात असल्याचा निष्कर्ष त्यांनी मांडला.

सेलेनियम हे विष नव्हे. अत्यल्प प्रमाणात ते शरीराला आवश्यकच असते, आणि म्हणूनच ते ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून अनेक बहुजीवनसत्त्व गोळ्यांत घातलेले असते. गरज आणि अपाय यांतील अंतर मात्र थोडे आहे. दिवसाला सुमारे पंचावन्न मायक्रोग्रॅमची गरज. चारशे मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे अमेरिकी मार्गदर्शन सांगते. १९६० च्या दशकात चीनमधील एन्शी भागात जमिनीतूनच जास्त सेलेनियम अन्नात आले. तेथे केस-नखे गेलीच, शिवाय काहींना हातापायांत बधिरपणा आणि वेदना सुरू झाल्या. २००८ साली अमेरिकेत एका पातळ पूरक औषधात छापील प्रमाणाच्या सुमारे दोनशेपट सेलेनियम भरले गेले आणि दोनशे एक जणांना बाधा झाली. ती माणसे तब्येत सुधारण्यासाठीच बाटली घेत होती!

धातूंच्या भस्मांबाबतही सावध राहावे. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे पाचवा हिस्सा औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शिसे आणि आर्सेनिक हे दोन्ही नसांचे शत्रू. जत्रेत, बसस्थानकावर किंवा बिनलेबलाच्या पुडीत मिळणारे ‘नसांचे औषध’ घेऊच नये.

घ्यायचीच असेल तर रीत

आग सहन होत नाही, डॉक्टरांनी धोका नाही असे सांगितले आहे आणि एखादी पूरक गोळी घेऊन पाहायची इच्छा आहे, तर ती अवश्य घेऊन पाहावी, पण हिशेबाने.

शाळेची एक वही घ्यावी. गोळी सुरू करण्यापूर्वी दोन आठवडे रोज रात्री झोपताना आगीला शून्य ते दहा असे गुण द्यावेत. झोप किती वेळा मोडली, दिवसभर किती चाललो, हेही लिहावे. मग एकच गोळी सुरू करावी, दोन नव्हेत. बंद करण्याची तारीख आधीच ठरवावी. आठ ते बारा आठवडे पुरेसे असतात. शेवटच्या दोन आठवड्यांचे गुण पहिल्या दोन आठवड्यांशी ताडून पाहावेत. फरक नसेल तर गोळी बंद. फरक वाटला तर तीही थांबवून महिनाभर नोंद ठेवावी. आग पुन्हा वाढली तरच तिचे श्रेय गोळीला द्यावे.

एवढा खटाटोप कशासाठी? नसांची आग मुळातच कमी-जास्त होत असते. माणूस नवी बाटली आणतो ती आग कळसाला पोहोचल्यावर. कळसानंतर उतार येणारच असतो. तो उतार गोळीच्या नावावर जमा होतो आणि महिन्याला हजार रुपये वर्षानुवर्षे जात राहतात. वही खोटे बोलत नाही.

बाटली घेताना लेबल वाचावे. एफ.एस.एस.ए.आय.चा चौदा आकडी परवाना क्रमांक असेल, तर ती वस्तू कायद्याने अन्न आहे, औषध नव्हे. आजार बरा करण्याची परीक्षा तिने दिलेली नसते. पक्के बिल घ्यावे. आणि मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा झटक्यांची चालू औषधे नव्या बाटलीसाठी कधीही थांबवू नयेत.

आगीवर औषध आहे

कारण सापडले नाही म्हणजे उपचार नाही, असे मुळीच नाही. खोटी घंटा शांत करणारी औषधे आहेत : अमिट्रिप्टिलीन, नॉरट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन, गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन. यांतील काही औषधे मानसिक आजारांत किंवा झटक्यांतही देतात. म्हणून चिठ्ठी वाचून “मला वेडाची गोळी दिली” असा गैरसमज करून घेऊ नये. नेमक्या अशाच, कारण न सापडलेल्या न्यूरोपॅथीच्या ४०२ रुग्णांवर अमेरिकेत चार औषधांची तुलना झाली. २०२१ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एकही औषध सर्वांना लागू पडले नाही. नॉरट्रिप्टिलीन आणि ड्युलोक्सेटिन थोडी सरस ठरली, तरी त्यांचाही चांगला गुण सुमारे चार रुग्णांपैकी एकालाच आला. यातून शिकायचे ते असे, की पहिली गोळी लागू पडली नाही तर निराश न होता डॉक्टरांकडे परत जावे. दुसरी लागू पडू शकते. मात्रा हळूहळू वाढवावी लागते. मूत्रपिंड कमजोर असेल तर गॅबापेंटिन आणि प्रिगॅबालिनची मात्रा कमी ठेवावी लागते, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

पाय सांभाळा

आगीपेक्षा बधिरपणा अधिक घातक. आग माणसाला जागे ठेवते, बधिरपणा झोपवून ठेवतो. काटा रुतला, चटका बसला, तरी कळत नाही. कळते ते जखम चिघळल्यावर. पुढील पथ्ये पाळावीत.

रोज रात्री दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून पाहावे किंवा नातवाला पाहायला सांगावे. घरातही चप्पल घालावी. ती मागे पट्टा असलेली असावी. घालण्यापूर्वी हात फिरवून खडा-खिळा नाही ना, हे पाहावे. शेकोटीजवळ पाय नेऊ नयेत, गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नयेत. आंघोळीचे पाणी पायाने नव्हे, कोपराने पाहावे. भेगांना तेल लावावे, बोटांच्या मध्ये मात्र लावू नये. काशाच्या वाटीने घासायचे तर हलक्या हाताने, आणि नंतर तूप पुसून टाकावे. तुपकट तळव्याने मोरीत घसरून मांडीचे हाड मोडलेले परवडत नाही.

रामनवमीला शेगावच्या वाटेवर उन्हात डांबर तापलेले असते. पाय बधिर असलेल्या भाविकांनी अनवाणी जाऊ नये. देवळाच्या तापलेल्या फरशीवर जाड मोजे घालावेत. श्रद्धेत त्याने उणे येत नाही.

तोलासाठी रात्री संडासच्या वाटेवर दिवा ठेवावा, काठीची लाज बाळगू नये. रोज अर्धा तास चालावे. भिंतीला हात टेकवून टाचा उचलण्याचा, एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा. दारू आणि तंबाखू सोडावी. गाडीचा ब्रेक पायाला नीट जाणवत नसेल तर गाडी चालवू नये.

ताबडतोब दवाखाना केव्हा?

काही दिवसांतच पायांतील शक्ती जाऊन ती दुर्बलता वर चढू लागली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर घरी एक रात्रही काढू नये. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जी गियाँ-बारेची साथ आली, ती अशीच होती. वेळेवर उपचार मिळालेले बहुतेक रुग्ण सावरतात. याशिवाय पाऊल लोंबू लागणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, वजन झपाट्याने घटणे, एकाच बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडणे, पायाची जखम आठवड्यात भरून न येणे, या गोष्टींनाही उशीर चालत नाही.

घरच्यांसाठी दोन शब्द

हे दुखणे दिसत नाही. पाय वरून चांगले दिसतात, म्हणून माणूस ढोंगी ठरतो. रात्र रात्र न झोपलेला माणूस चिडचिडा होतो आणि मग एकटा पडतो. त्याचे म्हणणे खरे मानणे, हा उपचाराचाच भाग आहे. रुग्णानेही जाणून घ्यावे की कारण न सापडलेली न्यूरोपॅथी बहुतेकांत सावकाश, वर्षांच्या हिशेबाने चालते. बहुतेक जण शेवटपर्यंत आपल्या पायांनी चालतात.

आणि ‘कारण सापडत नाही’ हे वाक्य कायमचे नसते. साखर आज ठीक असेल, दोन वर्षांनी वाढलेली असेल. रक्तातले असाधारण प्रथिन पुढे दिसू लागेल. म्हणून सर्व अहवाल एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवावेत आणि वर्षातून एकदा ती पिशवी, वही व चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जावे. मागचे सारे समोर असले की पुढचा शोध सोपा होतो आणि खर्चही वाचतो.